दुर्बिणीचा उपास

“पण सर रात्रीच भेटतील ना?”

“रात्री झोपतात की ते. आत्ता जा. पावटे सोलत बसलेत.”

शाल्मलीने असं काही धरलं नव्हतं.

तिच्या मनात होता तो काळोखा माळ, वर चांदण्यांनी भरलेलं आकाश, आणि त्याकडे बघत उभा असलेला एक म्हातारा खगोलशास्त्रज्ञ. समोर होतं ते भर दुपारचं ऊन, धामणवाडीचा करपलेला माळ, त्यावर एकमेकींपासून लांब लांब उभ्या असलेल्या दुर्बिणीच्या पांढऱ्या ताटल्या, आणि गेटवर तिची पिशवी उपसत बसलेला रखवालदार.

रेडिओ दुर्बिणीला रात्र लागत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी दिवसाही तशाच येतात. हे तिला ठाऊक होतं. तिची सगळी डॉक्टरेट त्यावरच होती. तरी मनातलं चित्र रात्रीचंच होतं.

रखवालदाराने मोबाइल काढून घेतला. हातावरचं घड्याळ घेतलं. लॅपटॉप आतल्या जाड भिंतींच्या खोलीतच उघडायचा असं बजावलं. मग पिशवीतून एक चकचकीत डबी निघाली.

“हे काय, मॅडम?”

“लायटर आहे. विजेवर चालतो. सरांसाठी आणलाय, हॉलंडहून. चहा स्वतः करतात असं ऐकलं होतं…”

“ठिणगी पडते?”

“हो, त्याशिवाय कसा…”

ती बोलता बोलता थांबली. विजेच्या एका ठिणगीचा रेडिओतला आवाज या ताटल्यांना आकाशातल्या कुठल्याही आवाजापेक्षा मोठा ऐकू येतो. इथे चहासुद्धा काडेपेटीवर होतो, हे तिने कुठेतरी वाचलंही होतं.

“राहू दे इथे,” रखवालदार म्हणाला. “जाताना न्या. आम्ही सगळ्यांनाच विचारतो, काय काय घेऊन आलात.”

*

दस्तगीर बागवान सर ऑफिसच्या मागच्या पडवीत खाली बसले होते. दुर्बिणीकडे पाठ. समोर ताट, ताटात पावटे, बाजूला टरफलांचा ढीग.

ते मूळचे कराडचे. दुर्बिणीचा पहिला खांब रोवला तेव्हापासून या माळावर. निवृत्त झाले, पण गेले नाहीत. दुर्बिणीची एक रीत होती. इथून लागलेला कुठलाही शोध बाहेर जाहीर करण्याआधी, त्या कामात नसलेल्या एकाने तो पाडून बघायचा. पडला नाही तरच जाऊ द्यायचा. हे पाडायचं काम बहुतेक वेळा सरांकडे येई.

“सर, मी शाल्मली शिरोळे. मेल केली होती…”

“हात धुतलेस?”

“हो.”

“मग बस. सोल.”

ती बसली. थोडा वेळ दोघंही सोलत राहिली. मग तिला राहवेना. तिने आणलेली कागदाची गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार शेंगा ठेवल्या.

काळा कागद. मधोमध एक पांढरा ठिपका.

“ही एक दीर्घिका आहे, सर. हिच्या मध्यभागी कृष्णविवर असणार हे सगळेच मानतात. पण ते गप्प आहे, उपाशी आहे, आत काही पडत नाही, असंच आजवर सगळे म्हणत आले. मी म्हणते, पडतंय. कृष्णविवर स्वतः काही बोलत नाही. पण आत पडणारा वायू पडण्याआधी रेडिओत ओरडतो. तो आवाज मी पकडलाय. तुमच्या या दुर्बिणीतून.”

सरांनी चष्मा वर केला. कागदावर वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

“सुंदर आहे.”

ती खुलली.

“आणि आजूबाजूला?”

“आजूबाजूला काही नाही, सर.”

“ते दाखव.”

“काय?”

“काही नाही, ते.”

ती हसली. सर हसले नाहीत. त्यांनी पुढची शेंग घेतली.

*

“हा ठिपका काढलास कसा?”

या प्रश्नाचीच ती वाट बघत होती.

“सर, ताटल्या इतक्या लांब लांब आहेत. सगळ्यांनी एका तालात ऐकलं तरच चित्र होतं. पण प्रत्येकीच्या डोक्यावरची हवा वेगळी, केबल वेगळी. ताल बिघडतो. तो जुळवायला लोक काय करतात? शेजारच्या एखाद्या ओळखीच्या, ठळक ताऱ्याकडे…”

“तारा?”

“तारा नाही, सर. ठळक रेडिओ स्रोत. शाळेतल्या मुलांना सांगायची सवय लागलीय. खालच्या गावातल्या शाळेत परवा भाषण आहे माझं.”

“काय सांगणार?”

“हेच.” तिने ठिपक्यावर बोट ठेवलं.

“बरं. पुढे?”

“तर लोक त्या ओळखीच्या स्रोताकडे दुर्बीण वळवतात, ताल जुळवतात, परत आपल्या जागेकडे येतात. पुन्हा जातात, पुन्हा येतात. अर्धा वेळ येण्याजाण्यात जातो. मी ते बंद केलं. माझा प्रोग्रॅम ठिपक्यावरच ताल जुळवतो. मधोमध ठिपका आहे असं धरायचं, आणि एकेका ताटलीला त्याच्याशी जुळवत न्यायचं. पुन्हा पुन्हा. प्रत्येक फेरीला चित्र स्वच्छ होत जातं.”

“आणि ठिपका?”

“ठळक होत जातो.”

“गुणी आहे.”

“तुम्ही चेष्टा करताय, सर. यात धोका असतो हे मला माहीत आहे. म्हणून मी वेगवेगळ्या दिवसांची निरीक्षणं घेतली. वेगवेगळ्या लहरी घेतल्या. प्रत्येक वेळी ठिपका आला. आणि तिथेच आला.”

“तिथेच?”

“तसूभरही हलला नाही.”

सरांचा हात शेंगेवर थांबला.

“या माळावर मी एवढी वर्षं आहे. वारा सुटला तर ताटल्या हलतात. दुपारी हवा हलते. हा मात्र हलत नाही…”

“म्हणूनच तो खरा आहे.”

शेंग पोचट निघाली. त्यांनी ती टरफलांत टाकली.

*

“घाई कसली आहे तुला?”

“उद्या दुपारी घोषणा पाठवायची आहे, सर. ती गेली की चार देशांतल्या दुर्बिणी याच जागेकडे वळणार आहेत. त्यांनी शब्द दिलाय. त्यांचा वेळ पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. फक्त तुमचा होकार हवा.”

“आणि नाही गेली तर?”

तिने मान खाली घातली. बोलली तेव्हा आवाज जरा चढलेला होता.

“मी हॉलंडमधली नोकरी सोडून आले. वाढवून देत होते, नको म्हटलं. सगळे म्हणाले, वेडी आहेस, भारतात जाऊन काय करणार. मी म्हटलं, करून दाखवते. इथल्या दुर्बिणीने, इथल्या माणसांत बसून. हा ठिपका म्हणजे… मी का परत आले त्याचं उत्तर आहे, सर.”

“म्हणजे याच्यावर बराच भार आहे.”

“कशावर?”

“ठिपक्यावर.”

पडवीबाहेर ताटल्या हळूच वळल्या. सगळ्या एकदम, काही आवाज न करता. कोणीतरी आत बसून त्यांना दुसरी जागा दाखवली होती.

“तुला आमचा उपास माहीत आहे का?” सरांनी विचारलं.

“उपास?”

“प्रत्येक निरीक्षण संपलं की थोडा वेळ दुर्बीण अशा जागेकडे वळवायची, जिथे काही नाही. निदान आमच्या माहितीत नाही. मुलं त्याला दुर्बिणीचा उपास म्हणतात. कोणी एकादशी म्हणतं. मला चिडवायचं असेल तर रोजा म्हणतात.” ते गालात हसले. “त्यातला कुठलाही एक घे. तुझ्या प्रोग्रॅममधून काढ. काही बदलू नकोस. चित्र आण.”

“पण सर, तिथे काय दिसणार?”

“ते आल्यावर बघू.”

“हे पहिल्या वर्षाच्या मुलांना देता तुम्ही. मी…”

“हो. त्यांना जमतं.”

*

जाड भिंतींच्या खोलीत शेंडगे बसले होते. दुर्बीण चालवायचं काम त्यांच्याकडे.

“उपासाला बसवलं वाटतं, मॅडम?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चेहऱ्यावरून. सगळ्यांचा असाच होतो. साबुदाणा हवा तर कँटीनमध्ये सांगतो.”

शाल्मलीने उपासाचं एक निरीक्षण घेतलं, प्रोग्रॅममध्ये घातलं आणि खुर्ची मागे घेऊन बसली. मनात रागच जास्त होता. काळा कागद येणार, तो घेऊन जायचा, होकार घ्यायचा.

पहिली फेरी. दुसरी फेरी…

काळ्या पडद्यावर, मधोमध, एक पांढरा ठिपका उमटू लागला.

ती पुढे सरकली. फेऱ्या संपल्या तेव्हा तो तिच्या दीर्घिकेतल्या ठिपक्याइतकाच ठळक झाला होता.

आणि तिच्या मनात आधी जे आलं ते हे… इथेही एक आहे. आजवर कोणाला दिसलं नव्हतं.

ती जवळजवळ पळतच पडवीत गेली.

“सर, उपासाची जागा रिकामी नाही. तिथेही आहे एक.”

“वा,” सर म्हणाले. “दोन झाले.”

“तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?”

“वाटलं तर. अजून एक उपास काढून बघ.”

ती गेली. तिने दुसरा उपास काढला. दुसरी तारीख, आकाशाची दुसरीच बाजू. मधोमध ठिपका.

तिसरा काढला. मधोमध ठिपका.

ती परत आली तेव्हा पळत नव्हती. पडवीच्या पायरीवरच उभी राहिली.

“तीन?” सरांनी विचारलं.

तिने मान हलवली.

“नशीबवान आहेस. आता असं कर. त्याला जरा डावीकडे बसायला सांग.”

“कोणाला?”

“ठिपक्याला. मधोमध बसून कंटाळला असेल.”

तिला हसू आलं. मग हसू गेलं. ती तशीच वळली आणि आत गेली.

प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळींत ती सूचना होती. पहिल्या वर्षी लिहिलेली, नंतर कधी उघडून न बघितलेली. मधोमध ठिपका आहे असं धर. तिने ‘मधोमध’ काढलं. वरचा डावा कोपरा घातला. रिकामं आकाश पुन्हा आत सोडलं.

पहिली फेरी. दुसरी फेरी…

ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यात आला. तेवढाच ठळक. तेवढाच स्थिर.

शेंडगे मागून बघत होते. ते म्हणाले, “आज्ञाधारक आहे.”

तिने उजवा कोपरा घातला नाही. गरज नव्हती.

*

ऊन उतरलं तेव्हा सरांनी काडी ओढली. स्टोव्ह पेटला. पावट्याचं ताट भरून बाजूला झाकलेलं होतं.

शाल्मली पायरीवर बसली होती. गुंडाळी मांडीवर, बंद.

“तुम्हाला आल्याआल्या कळलं होतं, सर.”

“शंका आली.”

“मग दुपारीच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू मला पटवून दिलं असतंस. तू छान बोलतेस. मला पटलंही असतं.”

ती बोटांवर मोजू लागली.

“वेगवेगळे दिवस, वेगवेगळ्या लहरी… मी सगळं बदलून पाहिलं.”

“सगळं?”

“एक सोडून.”

सरांनी पातेल्यात साखर टाकली. आलं ठेचलं. पाण्याला उकळी येईपर्यंत दोघंही पाण्याकडे बघत होती.

“मग माझ्या दीर्घिकेत काही नाहीच का, सर?”

“मला काय माहीत?”

“पण ठिपका तर…”

“ठिपका तू आणलास. तिथे काय आहे हे अजून कोणी विचारलंच नाही.”

“आकाशाला विचारलं तर मी.”

“तू विचारलंस, आहे ना? मधोमध आहे ना? ते हो म्हणालं. ते बिचारं सगळ्यांनाच हो म्हणतं.”

तिने मांडीवरची गुंडाळी पायरीवर ठेवली. मग एकदम म्हणाली,

“गेटवर त्यांनी माझा लायटर काढून घेतला. तुमच्यासाठी आणला होता.”

“सांगितलं मला रखवालदाराने. चांगला आहे म्हणाला.”

“मला लाज वाटली, सर. एवढं शिकून ठिणगी घेऊन आले.”

“गेटवर विचारतात ते बरं असतं,” सर म्हणाले. त्यांनी चहा गाळला, एक कप तिच्यापुढे सरकवला. “आत आल्यावर कोणी विचारत नाही.”

चहा गरम होता. तिने कप दोन्ही हातांत धरला. माळावर ताटल्या पुन्हा एकदा वळल्या, सगळ्या एकदम, आणि कुठल्यातरी जागेकडे तोंड करून थांबल्या.

“दुर्बीण आता काय ऐकते आहे?”

सरांनी त्या बाजूला पाहिलंही नाही.

“वेळ झाली असेल. उपास असेल.”

“तिला काय ऐकू येत असेल?”

“खरखर.”

“फक्त खरखर?”

“तू कधी ऐकली आहेस? चित्रातून पुसून टाकायच्या आधी?”

चहा संपेपर्यंत ती त्या ताटल्यांकडे बघत राहिली. चेहऱ्यावर दुपारचा राग नव्हता. दुपारची घाईही नव्हती. लहान मूल बंद डब्याकडे बघतं तशी बघत होती.

*

सकाळी तिने चारही देशांतल्या लोकांना दोन ओळी पाठवल्या. घोषणा येणार नाही. ठिपका माझ्या प्रोग्रॅमचा होता.

शाळेतलं भाषण तिने रद्द केलं नाही. बागवान सरांना विचारून उपासाची खरखर स्पीकरवरून ऐकवण्याइतकी एका पेनड्राइव्हवर घेतली.

मग ती जाड भिंतींच्या खोलीत गेली. त्या दिवशीचा दुर्बिणीचा वेळ तिच्याच नावावर होता.

“तीच दीर्घिका ना, मॅडम?” शेंडग्यांनी विचारलं.

“तीच. पण आधी शेजारच्या ओळखीच्या स्रोताकडे वळवा. ताल त्याच्यावर जुळवू. मग इकडे. मग पुन्हा तिकडे.”

“अर्धा वेळ येण्याजाण्यात जाईल.”

“जाऊ दे.”

“ठिपका आला नाही तर?”

“नाही आला तर नाही.”

शेंडग्यांनी मान डोलावली. पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यात त्या जागेचं नाव घालावं लागे.

“गेल्या खेपेला तुम्ही ‘कृष्णविवर’ घातलं होतं. तेच घालू?”

बागवान सर दारात उभे होते. हातात पावट्याच्या उसळीचा डबा. कधी आले कोणी पाहिलं नव्हतं.

शाल्मली त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली.

“नको,” ती म्हणाली. “नुसतं ‘जागा’ घाला.”

ताटल्या वळू लागल्या.

सरांनी डबा टेबलावर ठेवला. खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर, तिच्या शेजारी बसले.

“चला,” ते म्हणाले. “आता तिथे काहीही असू शकतं.”